गोल्फ स्विंग करताना डोकं अजिबात हलवायचं नाही, हे खरं आहे का?

पूर्ण खरं नाही. डोकं जबरदस्तीने एका जागी धरून ठेवलंत तर मान आखडते, खांदे नीट वळत नाहीत आणि वजन मागच्या पायावर जातच नाही. बॅकस्विंगला, म्हणजे स्टिक मागे नेताना, आणि खास करून ड्रायव्हर (लांब फटक्याची स्टिक) मारताना, डोकं थोडंसं मागे सरकलं तरी चालतं, पण इम्पॅक्टच्या (स्टिक बॉलला लागण्याच्या) आधी छातीसकट वर उचललं गेलं की बॉल टॉप होतो, म्हणजे फटका बॉलच्या वरच्या भागाला लागतो. स्वीडनची गोल्फर आनिका सोरेनस्टॅम तर इम्पॅक्टलाच डोकं टार्गेटकडे फिरवायची आणि तिने 10 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या! खरी गडबड होते ती ड्रायव्हरच्या डाउनस्विंगला (स्टिक खाली बॉलकडे आणताना) डोकं बॉलच्या पुढे गेलं की. ऊन पाठीवर घेऊन उभे राहा, डोक्याची सावली बॉलवर पडू द्या आणि हळू स्विंग करून बघा, किती सरकताय ते लगेच दिसेल.