काडतुसाची पितळी पुंगळी घडवताना मानेला चीर का पडते?

'.४५८ विंचेस्टर मॅग्नम' या रायफलीच्या काडतुसाची जवळजवळ सरळ पुंगळी आवळून '.४१६ टेलर' हे अधिक अरुंद तोंडाचे काडतूस घडवताना मानेला, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या तोंडाकडच्या भागाला, चीर का पडते, असे आपण विचारले आहे. याचे मूळ पितळाच्या स्वभावात आहे. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ ताणायला उत्तम असले, तरी थंड असताना डायमधून (आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून) दाबले की दर वेळी अधिक कडक होत जाते आणि शेवटी तडकते. म्हणून मान व खांदा (मानेखालचा उतरता भाग) तेवढाच तापवून मऊ करतात. लष्करी काडतुसांच्या मानेजवळ दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा ही त्याच तापवणीची खूण असते. बुडाला मात्र आच मुळीच लागू देऊ नये, कारण दाब पेलण्यासाठी ते कडकच राहावे लागते आणि मऊ पडलेली पुंगळी नेमबाजाच्या जिवावर बेतू शकते. खांद्यावर खळगा दिसला, तर ती चीर नव्हे. डायमध्ये दाबण्याआधी पुंगळीला लावलेले तेल जास्त झाल्याचे ते लक्षण आहे.

घडवून झाल्यावरही पितळात ताण कोंडलेला राहतो, याकडे फार दुर्लक्ष होते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि हा कोंडलेला ताण यांमुळे तसे घडते, हे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी स्पष्ट केले. त्यामुळे पुंगळ्या चकचकीत करण्यासाठी अमोनियायुक्त पॉलिश कधीही वापरू नये.