क्लॅडिंगच्या चौकशीचा फॉर्म: भिंतीचं माप गिऱ्हाइकाला विचारू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला घरांच्या बाहेरच्या भिंतींना पॅनल बसवायची, म्हणजे क्लॅडिंगची, कामं सुरू केलीत, चौकशीसाठी गूगल फॉर्म केला, अमेरिकेतल्या 'होम सायडिंग'चा तयार नमुना मराठीत उतरवला. ३४ प्रश्न झाले. आता लोक फॉर्म बाजूला ठेवून सरळ फोन करतात.

मी ठाण्यात वॉटरप्रूफिंग आणि क्लॅडिंगची कामं घेतो. माझा फॉर्म आजवर चारदा मोडून नव्याने केलाय, म्हणून लिहितो.

तो नमुना आधी सोडा. तिकडची बरीच घरं लाकडी सांगाड्याची, त्यामुळे सायडिंग हे घराचं पावसापासूनचं कवच. 'व्हिनाइल (प्लास्टिक) की सीडर (लाकूड)', 'गारपिटीचा विमा क्लेम आहे का' हे प्रश्न तिथे शोभतात. आपल्याकडे विटांची किंवा ब्लॉकची भिंत, त्यावर प्लास्टर, आणि पॅनल म्हणजे वरून घातलेला रेनकोट. (एक गंमत मात्र जुळते. तिकडे सायडिंग 'स्क्वेअर'मध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. म्हणजे आपला ब्रासच की!)

तुमचा पाचवा प्रश्न, 'भिंतीचे क्षेत्रफळ चौरस फुटांत', आजच काढून टाका. लोक तिथे घराचा कार्पेट एरिया लिहितात. त्यांची चूक नाही, त्यांना तेवढा एकच आकडा पाठ असतो. त्याऐवजी विचारा: रो हाऊस रांगेत मधलं आहे की टोकाचं? १५ फूट रुंद, ३५ फूट खोल, २२ फूट उंच घर धरा. मधलं असेल तर पुढची आणि मागची भिंत मिळून ६६० चौरस फूट. टोकाचं असेल तर बाजूची ७७० वाढते, एकूण १,४३०. साडेसहा ब्रासचं काम एका टिचकीत सव्वाचौदा ब्रासवर जातं, आणि या प्रश्नाचं उत्तर घरातलं शेंबडं पोरही देईल. दारं-खिडक्या वजा करणं तुमच्या टेपवर सोडा.

आता फॉर्ममधला सगळ्यात मोलाचा प्रश्न, जो तुमच्या ३४ मध्ये नाहीच: 'ओल फक्त पावसाळ्यात दिसते की बारा महिने?' मी हा प्रश्न ठेच लागून शिकलो. कळव्याच्या एका घरी पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आले होते. पश्चिमेची भिंत, समोर मोकळं, झड थेट लागणार, म्हणून मी दुसरं काही न बघता भिंतीला चॅनेल (धातूच्या पट्ट्या) मारून पॅनल चढवले. जानेवारीत गिऱ्हाइकाचा फोन: "अहो, कपाटाच्या मागे बुरशी आलीय." जानेवारीत कसली झड? बाथरूमचा पाइप भिंतीतल्या भिंतीत पाझरत होता, आणि पॅनलमुळे बाहेरून वाळायचीही सोय मी बंद करून टाकली होती. अर्धे पॅनल पदरमोड करून उतरवले. बारा महिने ओल असेल तर आधी प्लंबर, मग आपण. त्याला जोडून भिंत कुठल्या दिशेची तेही विचारा. नैर्ऋत्येकडून पाऊस येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या तक्रारी वेगळ्या वाचायच्या.

पहिला प्रश्न 'तुम्ही कोण?' असा ठेवा: बंगला किंवा रो हाऊसचे मालक, फ्लॅटधारक, की सोसायटीची कमिटी. प्रकार 'मल्टिपल चॉइस' किंवा 'ड्रॉपडाउन' ठेवलात तर उत्तरानुसार पुढच्या सेक्शनला पाठवता येतं, चेकबॉक्सला ती सोय नाही. फ्लॅटधारकाला तिथेच सांगा की बाहेरची भिंत सोसायटीची, सेक्रेटरींचं पत्र लागेल. कमिटीला मजले, बांधकामाचं वर्ष आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) कधी झालं ते विचारा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते झालेलं नसेल तर प्लास्टर कसं आहे हे न बघता त्यावर अँगल ठोकायला जाऊ नका.

घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांना फॉर्ममध्ये पॅनल निवडायला देऊच नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली, आणि आग बाहेरून झरझर वर चढली ती पॉलिथिनचा गाभा असलेल्या अॅल्युमिनियम पॅनलमुळे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच ('हाय-राइज') धरतात. तिथे साहित्य गिऱ्हाइकाच्या आवडीने ठरत नाही.

फोटो फॉर्ममध्ये मागू नका. 'फाइल अपलोड' ठेवलं की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि साठीतले काका तिथेच मोबाइल खाली ठेवतात. फॉर्म भरून झाल्यावर दिसणाऱ्या संदेशात व्हॉट्सॅपची लिंक द्या आणि स्पष्ट लिहा: एक फोटो लांबून, त्यात दरवाजा पूर्ण दिसायला हवा, एक ओलीचा जवळून. दरवाजा साधारण सात फुटांचा, त्यावरून भिंतीची उंची घरी बसून मोजता येते. परांची पुरेल की वरून दोरांनी सोडलेला झुला लागेल, तेही त्यातच कळतं.

मोबाइल नंबरला दहा आकड्यांची अट घाला, पण खाली 'शून्य किंवा +९१ न लावता, इंग्रजी आकड्यांत' अशी ओळ हवी, नाहीतर फॉर्म पुढे सरकत नाही आणि कारण कुणाला कळत नाही. बजेट विचारू नका. आलेल्या नोंदींची शीट पुतण्या-मित्रांना शेअर करू नका, त्यात लोकांचे पत्ते आहेत.

एवढं केलंत तर रो हाऊसवाल्याला नऊ-दहाच प्रश्न पडतील. झाला की लिंक टाका, मी टोकाच्या घराचा मालक बनून भरून बघतो.