प्रेमकथा वाचायची आहे, पण गुळगुळीत नको. समकालीन मराठीत काय वाचू?

तुम्ही लिहिलंय की शेवटी लग्न लागलं की संपली, असली प्रेमकथा नको, आणि नुसती रडकीही नको. मी एकच नाव सांगते: सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. 2006 साली आलेली, जेमतेम एका रविवारची कादंबरी. पण ती एका रविवारात संपवू नका, का ते पुढे सांगते.

गोष्ट पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरातली. वरच्या खोलीत पेइंग गेस्ट येतो. चित्रं काढणारा, आईवडील नसलेला, कुणाला कसलाही हिशेब न देणारा. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि बहीण अनुजाही. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. (हे सांगून मी रसभंग केला असं समजू नका. काय झालं याची उत्कंठा हे या पुस्तकाचं बळच नाही.)

पहिला भाग तनयचा. तो त्या निघून गेलेल्या माणसाशीच ‘तू’ म्हणून बोलतो. दुसरा भाग अनुजाची डायरी. त्या माणसाला मात्र पूर्ण पुस्तकात नाव नाही. मला पहिल्यांदा हे लेखकाचे चोचले वाटले होते. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की तो प्रत्यक्ष कसा होता हे आपल्याला कळतच नाही, कळतं ते या दोघांनी त्याच्यात काय पाहिलं तेवढंच. तनयचा तो आणि अनुजाचा तो हे एकमेकांवर नीट बसत नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. अनुजाचं दुःख घरभर आहे. आईवडील हबकलेत, लोक काय म्हणतील याची धास्ती आहे, तिला सांभाळायला माणसं आहेत. तनयनंही तोच माणूस गमावलाय, पण त्याला रडायलासुद्धा कारण सांगावं लागेल. त्यानं जेवायचं, कॉलेजला जायचं, बहिणीची काळजी करायची. कलम 377 चा समलैंगिकांना गुन्हेगार ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये रद्द केला. ही कादंबरी त्याच्या बारा वर्षं आधीची. तरी तिच्यात भाषणबाजी नाही. आहे ते फक्त एका घरातलं गप्प राहणं.

माझं बालपण नारायण पेठेतलं. आमच्याकडेही वरची खोली भाड्यानं दिलेली असायची. रात्री दहाला फाटक बंद, पाणी जपून वापरा, मित्रमंडळी खालीच भेटवा. त्या खोलीत राहणाऱ्याबद्दल आम्हा भावंडांना प्रचंड कुतूहल आणि आईला सतत संशय. त्यामुळे हे घर मला फार ओळखीचं वाटलं, म्हणून माझं मत थोडं पक्षपाती धरा. एक तक्रारही आहे: तनय कधीकधी स्वतःच्या दुःखावर इतका भाळतो की त्याला एक चहा पाजून उठवावंसं वाटतं. पण त्या वयात आपण कोण मोठे शहाणे होतो?

आता वाचायचं कसं ते. तनयचा भाग संपला की पुस्तक मिटा आणि मधे एक दिवस जाऊ द्या. लगेच डायरीत शिरलात तर अनुजा तुम्हाला फक्त ‘दुसरी बाजू’ वाटेल आणि तिच्यावर अन्याय होईल. माझ्याकडून तसाच झाला होता. डायरी संपल्यावर पहिली दहा पानं पुन्हा वाचा.

लेखकानंच यावर केलेला हिंदी चित्रपट 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आला, पण त्यात घर पुण्यातून कोचीला गेलंय. तो नंतर बघा. मराठी वाचायला वेळ लागणारं कुणी घरात असेल तर जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद आहे. माझ्या पुतणीनं तोच वाचला आणि मग मराठी प्रत मागून नेली, ती अजून परत आलेली नाही.