नर्सिंगला जाणारी मुलगी अपयशी ठरते का? एका वडिलांच्या पत्राला उत्तर

आदरणीय बंधू,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

वडगाव शेरीहून पाठवलेले आपले पत्र मी काळजीपूर्वक वाचले. आपल्या मुलीने वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोन वेळा दिली, पहिल्या वेळी तिला ७२० पैकी २९६ आणि दुसऱ्या वेळी ३७१ गुण मिळाले, आणि आता तिसऱ्यांदा न बसता बी.एस्सी. नर्सिंगला जायचे, असे तिने ठरवले आहे. आजी ससूनमध्ये दाखल असताना तिच्या उशाशी काढलेल्या दिवसांमुळे हा विचार पक्का झाला, असे ती सांगते. तिने आणखी एक वर्ष द्यावे, आणि तरीही जमले नाही तर नगर जिल्ह्यातील वडिलोपार्जित जमीन विकून खासगी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घ्यावा, असे आपले मत आहे. दहावीच्या निकालानंतर मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, प्रार्थना झाली तेव्हा ‘परमेश्वर तुला पुच्छ नव्हे, मस्तक करील’ हे वचन तिला मिळाले होते. त्या वचनाचे काय झाले आणि ख्रिस्ती माणसाने यश कशाला म्हणावे, असे आपण विचारता.

त्या वचनापासूनच सुरुवात करते, कारण आपल्या दुःखाचा मोठा भाग तिथे आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातील ते शब्द कनान देशाच्या वेशीवर उभ्या असलेल्या संपूर्ण इस्राएल राष्ट्राला उद्देशून आहेत, आणि देवाच्या आज्ञा पाळण्याची अट त्यांना जोडलेली आहे. कोणा एका मुलीला गुणवत्ता यादीतील क्रमांकाचे आश्वासन त्यात नाही. निकालाच्या दिवसांत आपल्या मंडळ्यांमध्ये हे वचन कितीतरी मुलांना दिले जाते, आणि ते प्रेमानेच दिले जाते. परंतु पुढे प्रवेश हुकला की तेच मूल ‘माझा विश्वास कमी पडला’ असे मनाशी धरून बसते, आणि गुण कमी पडल्याच्या दुःखाबरोबर देवाने आपल्याला नाकारले हे ओझेही वाहू लागते. आपल्या मुलीच्या मनावर असे ओझे आहे का, हे आपण तिला सर्वांत आधी विचारावे.

मुलांसाठी मोठे मागणे मागण्यात गैर काही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात जब्दीच्या मुलांची आई येशूपुढे येते आणि त्याच्या राज्यात आपल्या एका मुलाला उजवीकडे व दुसऱ्याला डावीकडे बसवावे, अशी विनंती करते. येशू तिला झिडकारत नाही. मात्र जो प्याला मी पिणार आहे तो तुम्हाला पिता येईल काय, हा प्रश्न तो त्या मुलांना विचारतो. मागणारी आई असली तरी उत्तर मुलांनी द्यायचे आहे, ही गोष्ट मला पालकांच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. पुढे बाकीचे दहा शिष्य चिडतात, तेव्हा तो सर्वांना जवळ बोलावून सांगतो की, ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने इतरांचा सेवक व्हावे, आणि मी स्वतः सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास आलो आहे. ‘नर्स शेवटी डॉक्टरच्या हाताखालीच राहते’ असे आपण लिहिले आहे. हे वाक्य या अध्यायाशेजारी ठेवून एकदा वाचावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

यशाविषयी येशूने जे सांगितले त्यातले सर्वांत नेमके चित्र मला मत्तयाच्याच २५व्या अध्यायात दिसते. धनी परदेशी जाताना एका दासाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक असे ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे देतो. एक तालांत म्हणजे त्या काळच्या मजुराची साधारण वीस वर्षांची कमाई होती; त्यामुळे तिसऱ्याच्या हातीही काही थोडके आले नव्हते. धनी परत येतो तेव्हा पाचांचे दहा करणारा आणि दोनांचे चार करणारा, या दोघांनाही तो अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो. दहा आणि चार यांची तुलना तो करतच नाही. ज्याला जे सोपवले ते त्याने विश्वासूपणे वापरले की नाही, एवढीच त्याची चौकशी असते, आणि आपल्या प्रश्नाचे माझे उत्तरही हेच आहे.

परंतु या दाखल्यातील तिसऱ्या दासाकडे आपण विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. त्याने पैसे उधळले नाहीत, चोरले नाहीत. जमिनीत पुरून ठेवले. का, असे विचारल्यावर तो म्हणतो की, आपण कठोर माणूस आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो. मुलांशी बोलताना हे वाक्य मला वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकू येते. घरातील प्रेम निकालावर अवलंबून आहे असे ज्या मुलाला वाटू लागते, ते मूल आपल्याला खरोखर काय आवडते आणि काय जमते हे बोलणे थांबवते. आपण कठोर आहात असे मी म्हणत नाही, कारण जी जमीन वाडवडिलांनी जपली ती मुलीसाठी विकायला निघालेला बाप कठोर कसा असेल? पण जमीन विकण्याची गोष्ट घरात निघाल्यापासून तिने आपल्याशी मोकळेपणाने बोलणे सोडले आहे, असे आपणच लिहिता. तो त्याग तिला भीतीसारखा जाणवत असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. बहिरेपण वाढत गेल्यामुळे तो मार्ग बंद झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या. जी पदवी आपल्याला घेता आली नाही ती दुसऱ्या मराठी स्त्रीला मिळताना त्यांनी पाहिली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रियांना केडगावला आसरा दिला, तेच मुक्ती मिशन. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या १९२२ मध्ये निधन होईपर्यंत करत राहिल्या. दार बंद झाले की त्यापेक्षा मोठे दार उघडतेच, असे मी यातून सुचवत नाही. पुढे काय आहे हे रमाबाईंना इंग्लंडमध्ये ठाऊक नव्हते, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी मनोरमा ही एकुलती एक मुलगी त्यांना गमवावी लागली. डॉक्टर होता आले नाही म्हणून त्या हातातल्या गोष्टींपासून दूर गेल्या नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

आता दुसरी बाजू. नर्सिंग ही ‘सेवा’ आहे एवढ्यावर निर्णय होऊ नये, आणि परीक्षेचा कंटाळा आला म्हणून तर मुळीच होऊ नये. रात्रपाळ्या असतात, खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार पुष्कळदा कमी असतो, आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा राग पहिल्यांदा नर्सवरच निघतो. दुसरीकडे, चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी., अध्यापन, अतिदक्षता विभागातील विशेष प्रशिक्षण आणि एम्ससारख्या संस्थांतील भरती असे मार्ग खुले असतात. आपल्याच शहरात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे नर्सिंग कॉलेज आहे. तेथील प्रवेश नीटच्या गुणांच्या आधारे होतात आणि पदवीनंतर लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहाव्यात. राज्यातील इतर महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची स्वतंत्र नर्सिंग प्रवेशपरीक्षा आहे. कोणतेही महाविद्यालय निवडताना भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आणि जोडलेल्या रुग्णालयातील खाटांची संख्या जरूर तपासावी.

तिला स्वतःला डॉक्टरच व्हायचे असेल आणि केवळ दमल्यामुळे ती मागे फिरत असेल, तर तिसऱ्या प्रयत्नाला माझा विरोध नाही. दुसऱ्या वेळी गुण ७५ ने वाढले ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण तो निर्णय तिचा असावा. जमिनीचा व्यवहार मात्र आपण तूर्त थांबवावा. साडेचार वर्षांची खासगी फी, त्यानंतरचे इंटर्नशिपचे वर्ष आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण यांचा हिशेब मांडला, तर ते पैसे मध्येच संपण्याचा धोका आहे.

मंडळीतील एखाद्या निवृत्त परिचारिकेशी आपल्या मुलीची भेट घालून द्यावी आणि आपण स्वतः त्या भेटीला जाऊ नये. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, अर्जांच्या मुदती संपण्यापूर्वी, आपण दोघेही मला भेटायला यावे. त्या भेटीत मी आधी तिच्याशी बोलेन, मग आपल्याशी.

आपली,
करिअर मार्गदर्शक, पुणे