अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन यांचं स्वतः गायलेलं एकही गाणं हिट नव्हतं, तरी कारकीर्द जवळपास 50 वर्षं कशी टिकली?

त्यांची गाणी इतरांनी गायली आणि 1980च्या दशकात त्यांनी स्वतःची 'ओह बॉय' ही रेकॉर्ड कंपनी काढली, म्हणून. गाणं कुणीही गायलं तरी रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापराचा मोबदला, गीतकाराला मिळतेच. गायक डॉन विल्यम्सचं 'लव्ह इज ऑन अ रोल' (1983) आणि गायक जॉर्ज स्ट्रेटचं 'आय जस्ट वाँट टू डान्स विथ यू' (1998) ही दोन्ही अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेली; दोन्ही प्राइन आणि गीतकार रॉजर कुक यांनी मिळून लिहिलेली, म्हणजे रॉयल्टीत वाटेकरी दोन. मोठी कंपनी रेकॉर्डिंगचा खर्च आधी गायकाच्या वाट्यातून वळता करून घेते, त्यामुळे जेमतेम खपलेल्या अल्बमवर हाती फारसं काही उरत नाही. 'ओह बॉय'मध्ये चाहते टपालाने आगाऊ चेक पाठवत, त्यातून अल्बम निघे. शिकागोजवळ पूर्वी टपाल वाटणाऱ्या प्राइन यांना हे शोभलंही! एक मात्र आहे: 1971च्या पहिल्या अल्बमसह सुरुवातीची बरीच गाजलेली गाणी मोठ्या कंपन्यांकडेच रेकॉर्ड झालेली. ती ओळख आधी नसती, तर अल्बम निघण्यापूर्वीच चेक कुणी पाठवले असते?