घरच्या सर्व्हरवरच्या मोठ्या लॉग फाइली डिलीट केल्या, तरी डिस्क १००% भरलेलीच दिसते. असं का?

बहुतेक वेळा ती फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने अजून उघडी धरलेली असते. तो रीस्टार्ट केलात की जागा मोकळी होते. लिनक्समध्ये डिलीट म्हणजे फोल्डरमधलं फक्त नाव काढणं. शेवटचा प्रोग्रॅम फाइल सोडेपर्यंत तिचे ब्लॉक (डिस्कवरची तिची जागा) तसेच राहतात (डिलीट करणाऱ्या 'अनलिंक' या सिस्टिम कॉलच्या मॅन पेजवर, म्हणजे लिनक्सच्या माहितीपानावर, हे स्पष्ट लिहिलंय). म्हणूनच 'डीएफ' (df, अख्ख्या डिस्कची वापरलेली जागा सांगणारी कमांड) डिस्क भरलेली दाखवतं आणि 'डीयू'ची (du, नावाने दिसणाऱ्या फाइलींची जागा मोजणारी कमांड) बेरीज मात्र बरीच कमी येते. चोर पकडायला रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन 'एलएसओएफ +एल१' (lsof +L1) चालवा. नाव गेलेल्या पण उघड्या फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम, दोन्ही दिसतील. यापुढे चालू लॉग डिलीट करू नका, 'ट्रंकेट' (truncate) कमांडने त्याचा आकार शून्यावर आणा. डॉकर (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावरच: त्याचा नेहमीचा जेसन लॉग 'मॅक्स-साइझ' ही आकाराची मर्यादा घातल्याशिवाय वाढतच राहतो, आणि ही मर्यादा नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते.

मात्र 'एलएसओएफ'ची यादी रिकामी आली तर कारण वेगळं आहे. मग हे बघा:

- 'डीएफ -आय' (df -i): आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपले असतील. तेव्हा जागा शिल्लक असूनही डिस्क भरल्याची एरर येते.
- बाहेरची डिस्क माउंट (फोल्डरला जोडलेली) नसताना बॅकअप चालला का? तसं असेल तर तो डेटा मूळ डिस्कवरच उतरतो आणि नंतरच्या माउंटखाली झाकला जातो. 'डीयू'ला तो दिसत नाही. अनमाउंट करून तो शोधता येतो.