आबांचा अंगठा घ्यावा का?

प्रश्न : आबा ८२ वर्षांचे, शेतीची पहाणी (कर्नाटकातला सातबारासारखा उतारा) त्यांच्याच नावावर. हल्ली नातवंडांची नावं विसरतात. थोरले दादा म्हणतात, मुखत्यारपत्रावर (आबांच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर) अंगठा घेऊन टाकू. चालेल का? – एक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, आबांना कागद उमगत असेल तरच. नावं विसरणं म्हणजे समज जाणं नव्हे. आधी डॉक्टरांचा दाखला घ्या. कागद कन्नडमध्ये असेल तर साक्षीदारांसमोर तो मराठीत सावकाश समजावून सांगा, हे मी कळकळीनं सांगते. समज पूर्ण गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, मृत्यूनंतरही. म्हणून आबा शुद्धीत आहेत तोवर मृत्युपत्र वेगळं करा: मराठीत चालतं, दोन साक्षीदार हवेत. बक्षीसपत्राची (जिवंतपणीच जमीन देऊन टाकण्याच्या कागदाची) घाई नको. केलंच, तर सांभाळण्याची अट त्यात लिहाच. मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३खाली ते रद्द करून मागता येतं.